भाटगामचा पाहुणचार

पायी चालणाऱ्याला पाणी द्यावे, दोन घास घालावेत, अंग टेकायला ओसरी मोकळी करून द्यावी, ही आपल्या देशाची जुनी रीत. पंढरीची वाट चालणाऱ्यांना तिचे महत्त्व सांगावयास नको. परंतु पाहुणचारालाही एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली गेली म्हणजे त्याचा भार कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. हे ज्या एका दिवसाने फार लख्खपणे दाखविले, त्या दिवसाची आठवण आम्ही येथे करणार आहोत. तो दिवस म्हणजे 29 मार्च 1930, आणि स्थळ सुरत जिल्ह्यातील भाटगाम.

दांडीयात्रेचा इतिहास बहुधा दोन टोकांनीच सांगितला जातो. 12 मार्च रोजी साबरमतीच्या आश्रमातून झालेले प्रस्थान, आणि 6 एप्रिलला समुद्रकाठी उचललेले मूठभर मीठ. मधली सुमारे 241 मैलांची वाट मात्र आपण घाईने ओलांडतो. वस्तुतः यात्रेचे मर्म त्या वाटेतच आहे. साठ वर्षांचे गांधीजी आणि त्यांचे पाऊणशेहून अधिक सोबती दररोज दहा-बारा मैल चालत. सोमवारी विश्रांती असे. पहाटे प्रार्थना, दिवसा सूतकताई, रोजनिशी आणि गावकऱ्यांची सभा, असा क्रम ठरलेला होता. प्रार्थनेची भजने म्हणावयास आपल्या मराठी मुलखातले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. विष्णु दिगंबर पलुसकरांचा हा शिष्य आश्रमाचा गायक म्हणून तुकडीबरोबर चालत होता, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना विशेष आपुलकीची वाटते.

वाटेवरच्या यजमानांना काय करावे लागेल हे गांधीजींनी निघण्यापूर्वीच छापून कळविले होते. अन्न शक्य तितके साधे असावे, पक्वान्न नको. सकाळी ढेबरे आणि पिठाची पातळ राब, दुपारी भाकरी, भाजी, ताक किंवा दूध, संध्याकाळी निघण्यापूर्वी भाजलेले चणे वगैरे, रात्री खिचडी. तूप माणशी दिवसाला तीन तोळ्यांहून अधिक नको. अंथरूण ज्याचे त्याने आणावयाचे. गावाने झोपण्यापुरती स्वच्छ जागा द्यावी. तोळ्याचा हिशेब पाहून कोणी हसेल. परंतु ज्या गावाला शेतसारा भरतानाच नाकी नऊ येत, तेथे पाऊणशे पाने वाढावयाची म्हणजे तोळाही मोजावाच लागतो.

यात्रा सुरत जिल्ह्यात शिरली आणि चित्र पालटले. बार्डोलीचा 1928 चा लढा याच जिल्ह्यातला. येथे कार्यकर्ते कसलेले, संघटना पक्की, आणि गांधीजींचे निकटचे स्नेही गावोगाव पसरलेले. त्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेत गांधीजींनी सोबत्यांना बजावले की, आता आपण मित्रांच्या मुलखात आलो आहोत. येथे आपले लाड होतील. त्या लाडांना बळी पडू नका. शत्रूच्या मुलखात सावध राहावे हे कोणीही सांगेल. मित्रांच्या मुलखात सावध राहा, असे सांगणारा सेनापती विरळाच.

आणि घडलेही तसेच. दूध गावात पुरेसे नव्हते, म्हणून ते सुरतेहून आणविले गेले. भाजीपालाही मोटारीने आला. रात्रीच्या वाटचालीसाठी किटसनचा मोठा दिवा मिळविण्यात आला. तो एका तिवईवर बसविलेला, आणि ती तिवई एका गरीब मजुराच्या डोक्यावर. त्या मजुराला लवकर चाल, लवकर चाल, म्हणून दटावले जात होते. गांधीजींना ते बघवेना. दिवा मागे पडावा म्हणून त्यांनी आपलीच पावले भराभर टाकली. तर परिणाम उलटाच झाला, मजुराला त्यांच्या मागे पळावे लागले.

भाटगामच्या सभेत त्यांनी हे सारे उघड बोलून दाखविले. व्हाइसरॉयला महिन्याला 21,000 रुपये वेतन मिळते, देशातल्या सरासरी उत्पन्नाच्या पाच हजार पटींहूनही अधिक, असे 2 मार्चच्या पत्रात त्यांनीच आयर्विनला सुनावले होते. आता त्यांनी तेच माप स्वतःला लावले. सामान्य माणसाची रोजची मिळकत सात पैसे. तिच्या पन्नास पट खर्च आपणच करू लागलो, तर व्हाइसरॉयच्या पगाराविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? ओझे वाहणे भागच असेल तर ते आपल्यातल्या कोणी वाहावे. मग तिवईही लवकर जाईल आणि दिवाही. त्यांनी कार्यकर्त्यांकडे खर्चाचा हिशेब मागितला, आणि हे भाषण स्वतःच्या 'यंग इंडिया'तही छापले. सरकारच्या टीकाकारांना आयते हत्यार मिळेल, याची भीती त्यांनी बाळगली नाही.

यजमानांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. स्नेह्यांनी केले ते प्रेमापोटीच. किंबहुना प्रेम होते म्हणूनच तो मजूर कोणाच्या नजरेस आला नाही. सर्वांचे डोळे पाहुण्यावर खिळलेले होते. गांधीजींच्या भाषणातही तो निनावीच आहे. तरी त्या संध्याकाळी सभेचा खरा विषय मीठ नव्हता, तोच होता.

मिठाचा कर कधीच गेला. पाहुणचार मात्र चालू आहे: आपल्या लग्नांत, सत्कारांत, परमुलखात भरणाऱ्या आपल्या संमेलनांतही. मांडवात झगमगाट झाला की आम्हांला भाटगाम आठवते, आणि मग दिव्याकडे न पाहता तो कोणाच्या डोक्यावर आहे हे आम्ही पाहू लागतो.