आधी कोरणी, मग झाडू

दातांवरचे चहाचे डाग सोड्याच्या फवाऱ्याने उडवतात ना, त्या यंत्राचा पूर्वज खरं तर दात कोरायला जन्मला होता. १९४५ साली अमेरिकेत रॉबर्ट ब्लॅक यांनी अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण दाबाच्या हवेने मारून कीड काढायची पद्धत मांडली. मला या ब्लॅकबुवांचं भारी कौतुक वाटतं. ड्रिलची घरघर नाही, थरथर नाही. पेशंटला अजून काय हवं? पण चांदी टिकायची तर खड्डा आतून रुंद लागतो, ते फवाऱ्याला जमेना. त्यात १९५७ मध्ये हवेवर फिरणारं वेगवान ड्रिल आलं आणि हा बिचारा अडगळीत गेला. असो.

पुढे कठीण कणांच्या जागी खाण्याचा सोडा आला, जोडीला पाणी. सोडा एनॅमलपेक्षा बराच मऊ, त्यामुळे डाग जातो, एनॅमल राहतं. उघड्या पडलेल्या मुळांना मात्र तोही खरवडतो, म्हणून नंतर ग्लायसिन, एरिथ्रिटॉलच्या पावडरी निघाल्या. मिठाचं पथ्य असणाऱ्यांनाही त्याच बऱ्या.