सोळाव्या वर्षीची किल्ली

सोळाव्या वर्षी मी बाबांची ११० सीसीची स्कूटर घेऊन क्लासला जायचो. शिकवण एकच: ‘सावकाश जा.’ १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्या वयात ५० सीसीपर्यंतचीच विनागिअर गाडी चालते, हे घरात कुणी बघितलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एमॉस नेहार्ट या प्राध्यापकानं १९३४ मध्ये शाळकरी मुलांना ड्रायव्हिंग शिकवायला घेतलं. पुढे लक्षात आलं, नुसतं कौशल्य पुरत नाही. या वयात आत्मविश्वास अनुभवाच्या पुढे धावतो. म्हणून न्यूझीलंडनं १९८७ पासून परवाना टप्प्याटप्प्यानं दिला. सुरुवातीला सोबत जाणता चालक नसेल, तर रात्री गाडी नाही, मित्रांना बसवणं नाही.

परवा सोळा वर्षांच्या भाच्यानं किल्ली मागितली. मी दिली नाही.

‘मामा, तू नाही का चालवायचास?’

‘चालवायचो. नशिबानं वाचलो.’