ग्रंथालय सहकार संघ, शैक्षणिक

महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथालयांनी साधनसामग्री वाटून घेण्यासाठी आणि विद्युतीय माहितीसंचांची सामूहिक खरेदी करण्यासाठी उभारलेली व्यवस्था. ग्रंथांच्या आंतरग्रंथालयीन देवघेवीतून तिचा उगम झाला. दिल्लीतील डेलनेट (१९८८) व विद्यापीठ अनुदान आयोगाचे इन्फ्लिबनेट (१९९१) यांनी तिला भारतात संघटित रूप दिले. महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही योजना २०१० मध्ये आली. २०१५ मध्ये तीन संघ एकत्र होऊन ई-शोधसिंधू स्थापन झाला (पहा : इन्फ्लिबनेट).

प्रकाशक नियतकालिके गठ्ठ्याने विकतात; त्यामुळे किंमत ठरविताना एकटे ग्रंथालय दुबळे पडते, तर संघ एका कराराने अनेकांसाठी दर ठरवितो. उदाहरणार्थ, १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाचे क्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे (पहा : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ). अशा मर्यादित क्षेत्रात सहकाराचे महत्त्व अधिक ठरते : तालुक्याच्या ठिकाणच्या, एन-लिस्टचे सदस्य असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थी, ग्रंथपालाने दिलेल्या सदस्यनामाने व परवलीच्या शब्दाने, घरूनही ६,००० हून अधिक नियतकालिके वाचू शकतो. सामूहिक संचात स्थानिक गरजा व मराठी साहित्य मागे पडते, तसेच वर्गणी थांबताच वाचनाधिकार संपू शकतो, हे आक्षेप रास्त आहेत. मात्र त्यांचे उत्तर सहकार सोडण्यात नसून करारात कायमस्वरूपी वाचनाधिकार मागण्यात आणि स्थानिक संग्रहांचे अंकीकरण करण्यात आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना (तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये) हा सामूहिक खरेदीच्या याच तत्त्वाचा राष्ट्रीय विस्तार होय (पहा : अंकीय ग्रंथालय).