पाचामुखी परमेश्वर, आणि सहावा

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपण मोठ्या विश्वासाने उच्चारतो. पाच जण एकमुखाने बोलले की त्यात देव बोलला, असा तिचा भाव. पण पाचांच्या शेजारी बसलेला सहावा गप्प राहिला, तर त्याच्या मनात काय होते हे म्हण सांगत नाही. निर्णय एकमताने घ्यावा की मते मोजून, हा प्रश्न विलायती कायद्यांबरोबर आपल्याकडे आला, अशी पुष्कळांची समजूत असते. मला मात्र त्याचा माग जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत फार मागे गेलेला दिसतो.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो. ते देऊळ मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार होय. मध्ये बिनखांबी मोठे दालन आणि भोवती राहण्याच्या खोल्या. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेण्यांचे शिलालेख वाचले, तर त्यांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी भेटते, बुरुडांची आणि कासारांची भेटते. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याची नोंदही आहे. आता, एका मंडपात जेवणारी आणि एका छताखाली राहणारी माणसे म्हटली की मतभेद आलेच!

त्यांची तोड विनयाच्या नियमांत घालून दिली होती. संघापुढे ठराव मांडायचा, महत्त्वाच्या कामी तो तीनदा पुकारायचा. मान्य असेल त्याने मौन पाळावे, नसेल त्याने बोलावे. वाद मिटेचना, तर पाली विनयातील ‘चुल्लवग्ग’ शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घ्यायला सांगतो. काड्या वाटणारा भिक्खू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा. मत घेण्याच्या तऱ्हाही तीन : गुप्त, कानात सांगून आणि उघड.

पुढचा नियम मात्र आपल्याला थबकवतो. गुप्तपणे मते घेताना अधर्माची बाजू जड दिसली, तर मते नीट घेतली गेली नाहीत असे ठरवून ती रद्द करावीत! डोकी मोजून सत्य ठरत नाही, ही त्यामागची भीती खरीच आहे. पण मग धर्म कोणता हे ठरवणार कोण? काड्या वाटणारा एकटाच. बहुमताच्या जुलमातून सुटताना संघ एका माणसाच्या सचोटीवर येऊन उभा राहिला.

मराठेशाहीत शिवनेरीच्या पायथ्याशी काय, घोडनदीच्या काठी काय, गावाचे तंटे गोतसभेपुढे जात. निवाड्याचा महजर होई आणि त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगराची. त्या कागदात ‘बाजूने इतके, विरुद्ध इतके’ असा आकडा नसतो. निकाल सगळ्या गोताचा. आणि गोताचे एकमत होईना, पुरावाही पुरेना, तर? मते मोजण्याऐवजी दिव्य करीत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, ते रवादिव्य. गाव दुभंगलेले कागदावर दिसण्यापेक्षा एकाचा हात पोळलेला परवडला, असाच याचा अर्थ मी घेतो. शिवाय त्या एकमतात आवाज कोणाचे होते? वतनदारांचे वजन मोठे. महार सीमेच्या वादात साक्षीला लागे, पण गावकीच्या मानात त्याची जागा खालची. आणि बायकांचा शब्द तिथवर क्वचितच पोचे.

म्हणून 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्याकडे मी नुसता सरकारी कागद म्हणून पाहत नाही. प्रत्येक प्रौढाला एक मत देणारा हा कायदा गावात रुजला, आणि गप्प बसणाऱ्या सहाव्याचे मत पाटलाच्या मताइतकेच भरले. मतदानाने गावात तट पडतात ही तक्रार खोटी नाही. पण तट बहुधा आधीच असतात; पेटी त्यांना उघड करते.

आज आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडील महादेव कोळ्यांच्या गावांना हा प्रश्न जंगलाच्या निमित्ताने भिडतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने हक्कांचे दावे ग्रामसभेच्या हाती दिले. 2012 मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे सभेला निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात आणि दाव्यांचे ठराव साध्या बहुमताने व्हावेत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने वेगळी वाट धरली. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. पण त्याआधी अभ्यासगटात विषयाचा काथ्याकूट होतो. तेथील एकमत मौनातून येत नाही. बोलून बोलून येते.

मला वाटते, एकमताची खटपट आधी करावी आणि मोजणीचा हक्क हाताशी ठेवावा. मोजणी होऊ शकते हे ठाऊक असले, की मोठी माणसेही लहानांचे ऐकू लागतात. तो हक्क नसला, की मौनाचा अर्थ लावण्याचे काम मोठ्यांकडेच जाते.

दिवाळीला सारे घर एकत्र जमते. जमिनीचे, घराचे, लग्नाचे बेत याच दिवसांत ठरतात आणि ‘सगळ्यांच्या विचाराने ठरले’ असे आपण सांगतो. तसे सांगण्यापूर्वी धाकट्या सुनेला एकदा विचारावे, आणि तिचे उत्तर येईतो थांबावे.