घाटवाटा आणि सत्ता : कन्नड परिसरातील राज्यांचे बळ

कन्नड तालुक्याच्या उत्तर कडेला सातमाळ्याची रांग आहे. रांगेखाली खानदेश, तर वर गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारे पठार. उत्तरेकडून दख्खनमध्ये येणाऱ्या काही महत्त्वाच्या वाटा याच रांगेतील घाटांनी वर चढतात. त्यामुळे दख्खनवर राज्य करणाऱ्या प्रत्येक सत्तेला या टापूकडे लक्ष द्यावे लागले. राज्य कशाने बलवान होते आणि कशाने दुबळे पडते, हे या भागाच्या इतिहासातून नीट कळते.

पहिला आधार व्यापाराचा. तालुक्यातील पितळखोरा लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. तेथील खांबांवरील लेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या दात्यांची नावे आहेत आणि त्यांत सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातील मितदेवही आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. पैठणचा माल भडोच बंदरात जाई आणि तेथून पश्चिमेकडे रवाना होई. म्हणूनच दख्खनचे सातवाहन राजे आणि पश्चिम भारतातील क्षत्रप राजे यांच्यातील झगडा बंदरे व घाटवाटा यांच्यासाठीही होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप राजा नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा उमटवला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुतेक अशी पुन्हा ठसा मारलेली आहेत. जिंकलेला मुलूख चालत्या बाजारात आपल्या नावाने ओळखला जावा, ही त्यामागची गरज होती.

दुसरा आधार लष्करी बळाचा. तालुक्यातील अंतूर किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात उत्तरेच्या वाटांवर नजर ठेवणारे ठाणे होता. मोगलांच्या तुलनेत निजामशाहीकडे माणसे आणि पैसा दोन्ही कमी. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर याने ही उणीव डोंगराळ मुलूख, चपळ मराठा घोडदळ आणि शेतसाऱ्याची नवी घडी यांच्या जोरावर भरून काढली. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. मात्र ही सगळी जुळवणी एका माणसाच्या हातात होती. 1626 मध्ये तो वारला आणि 1633 मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. किल्ले जागेवरच होते, ते राखणारी एकजूट उरली नव्हती.

तिसरा आधार प्रजेच्या संमतीचा. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कन्नड निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. दोन्ही मुलुखांना जोडणाऱ्या घाटाला जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले. 1947 मध्ये हैदराबाद हे देशातील सर्वांत श्रीमंत संस्थान होते. त्याचे स्वतःचे नाणे, टपाल, रेल्वे आणि सैन्य होते, लोकसंख्या दीड कोटीहून अधिक होती. परंतु त्याला समुद्रकिनारा नव्हता आणि चहूबाजूंनी भारत होता. गोव्यातील मुरगाव बंदर मिळवण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत. बाहेरून शस्त्रे चोरून विमानाने आणावी लागत. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला कारभारात वाटा नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धती आणि भारतात विलीनीकरण यांसाठी लढा दिला, तर निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांनी सरकारवरचा उरलासुरला विश्वासही संपवला. संस्थानाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली, पण 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मोठ्या खजिन्याचे हे राज्य पाच दिवसही टिकले नाही.

तिन्ही काळांत साधने वेगळी, पण हिशेब एकच दिसतो. व्यापाराच्या वाटा संपत्ती देतात, सैन्य आणि किल्ले ती राखतात, शेजाऱ्यांशी असलेले संबंध संकटात आधार ठरतात, आणि हे सारे लोकांनी राज्य आपले मानले तरच टिकते. यातील एक बाजू ढासळली की बाकीच्या बाजूंवर भार पडतो. आजच्या राष्ट्रांच्या बळाचे मोजमाप करतानाही उत्पन्न आणि शस्त्रे यांच्या जोडीला संस्थांचे स्थैर्य, बंदरांपर्यंतची वाट आणि नागरिकांचा विश्वास यांचा विचार करावा लागतो.