वस्तऱ्याचा नकार

तलवारींचे इतिहास आपल्याकडे उदंड झाले. वस्तरा मात्र न्हाव्याच्या धोकटीत राहिला, आणि धोकटीतल्या वस्तूंना दप्तरात जागा नसते. मी त्याकडे वळलो ते आजोबांच्या गंजलेल्या वस्तऱ्यामुळे. १९७२ च्या दुष्काळात आमचे कुटुंब गाव सोडून घाटकोपरच्या डोंगरउतारावरील झोपडपट्टीत आले, तेव्हा भांड्यांच्या बोचक्यातून तो आला. आजोबा न्हावी नव्हते. आम्ही महार. गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावीत नसे, म्हणून महारवाड्यात कोणालातरी वस्तरा धरावाच लागे. तो आजोबांनी धरला.

ही गोष्ट आमच्या एका गावाची नाही. साताऱ्यात न्हावी होते, रामजी सुभेदारांच्या घरी त्यांना द्यायला पैसेही होते. तरी लहानग्या भीमरावाचे केस थोरल्या बहिणीला कापावे लागत. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदवून ठेवले आहे. पैसा असूनही जे विकत मिळत नाही, त्याला दारिद्र्य म्हणता येत नाही. आमच्या काही मित्रांनी सगळा प्रश्न आर्थिक आहे असे म्हणण्यापूर्वी त्या बहिणीच्या हातातील कात्री एकदा नीट पाहावी.

वस्तरा घासायला घेतला तेव्हा ओळखीच्या एका वृद्ध कारागिराने बजावले, यंत्राच्या चाकाला लावू नका. पाते तापले, त्यावर निळसर झाक आली, की पोलादाचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही. म्हणून रॉकेलमध्ये भिजवून, बारीक पॉलिश पेपरने, हातानेच. वरचा गंज दोन दिवसांत गेला. खाली खड्डे निघाले. ते पूर्ण काढायचे तर पातेच झिजवावे लागेल. धारेजवळचे तेवढे घासले, बाकीचे राहू दिले. पुढे दगडावर धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकलेली ठेवायची आणि धार पुढे करून पाते न्यायचे. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट, पाठ पुढे आणि धार मागे. नाहीतर पट्टाच कापला जातो.

या पट्ट्यापाशी मी थांबलो. कातडे कमावणारा ढोर, पट्टा शिवणारा चांभार. त्यांच्या हातचे चामडे न्हाव्याच्या वस्तऱ्याला रोज लागत होते. त्या चामड्यावर परजलेली धार पाटलाच्या गालावर फिरली तरी पाटील बाटत नव्हता. तीच धार चांभाराच्या गालावर फिरली असती तर न्हावी बाटला असता, आणि त्याच्यामागे सारा गाव! धर्मशास्त्राचे हे गणित कोणी सोडवून दाखवावे.

पण सगळा दोष न्हाव्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. तोही बलुतेदार; खळ्यावरचे धान्य बंद होण्याच्या धाकात जगणारा. आणि याच वस्तऱ्याने एकदा वरच्या दिशेने नकार दिला आहे. १८९० साली 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि ब्राह्मण विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरले. ज्या जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यांच्या सत्यशोधकी विचाराचे हे फळ. रूढी भटांची, तिला राबवणारा हात मात्र शूद्राचा. तो हात थांबला तर रूढी लंगडी पडते, हे त्या सभेने दाखवले. माझ्या मते आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात या सभेला गिरणीच्या संपाइतकेच महत्त्व द्यायला हवे. परंतु विधवेच्या डोक्यावरून थांबलेला हात महाराच्या डोक्यापर्यंत मात्र पोहोचला नाही. वरच्याला नाही म्हणण्याचे धैर्य आणि खालच्याला हो म्हणण्याचे धैर्य एकाच धोकटीत मावत नसावे. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती ही.

अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ साली झाला. १९७६ मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे हा त्याच्या सहाव्या कलमाने गुन्हा ठरला. गावात हे कलम पोचायला वेळ लागला. मुंबईच्या उपनगरांत मात्र लोकलच्या गर्दीने ते काम आधीच बरेचसे केले होते; लोकलमधून उतरणाऱ्याची जात सलूनवाला कुठवर विचारणार? पुढे एड्सची धास्ती आली तेव्हा याच सलूनमध्ये गिऱ्हाईकागणिक नवे अर्धे ब्लेड लागू लागले आणि जुने वस्तरे खणात गेले. विटाळ मानायचाच तर तो रक्तातल्या विषाणूचा मानावा, एवढे तरी त्यातून शिकता आले असते.

आजोबा घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका सलूनमध्ये दर रविवारी जाऊन बसत. नंबर लागेपर्यंत तासभर बसावे लागले तरी कुरकुर करीत नसत. घरी पत्र्याच्या डब्यात वस्तरा गंजला तो त्याच वर्षांत.