भट्टीचे अस्तर

भट्टीचे अस्तर म्हणजे लोहारकामाच्या किंवा ओतकामाच्या भट्टीला आतून दिलेला उच्चतापसह व उष्णतारोधक थर होय. घट्ट अग्निसह वीट ज्वाला व धातुमळी सोसते, परंतु स्वतःच बरीच उष्णता शोषते. सच्छिद्र थर उष्णता अडवतो, मात्र धातुमळीने लवकर झिजतो. म्हणून बाहेर सच्छिद्र व आत घट्ट असे दोन थर देणे सोयीचे ठरते.

मातीची निवड

सातारा व सांगली जिल्ह्यांत सहज मिळणाऱ्या मातीची याबाबत अडचणच आहे. कृष्णाकाठची काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना भेगाळते. तिच्यातील चुनखडीमुळे ती कमी तापमानाला वितळते. महाबळेश्वर-पाचगणीकडील जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे विपुल असतात व तीही द्रावकाचे काम करतात. पोलाद घडवण्यासाठी सुमारे १,१०० ते १,२५० अंश सेल्सिअस तापमान लागते. काळा दगड (बेसाल्ट) याच टप्प्यात मऊ होऊन वितळू लागतो. त्यामुळे तापमान जास्त असल्यास बाहेरून आणलेली केओलिनयुक्त अग्निसह मृत्तिका वापरावी लागते. साध्या कोळशाच्या उघड्या भट्टीत मात्र माती, शेण व भाताचे तूस यांचा गिलावा चालतो. त्यातील तूस जळून गेल्यावर राहणारी छिद्रे उष्णता अडवतात. असा गिलावा वरचेवर लिंपावा लागतो.

लेपन व वाळवण

मृत्तिकेत भाजलेल्या विटांचा भुगा मिसळल्यास आकुंचन कमी होते. पाणी मूठ वळण्यापुरतेच घालतात. खरी कसोटी वाळवणीची असते. अस्तरात अडकलेल्या पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. ओल्या भट्टीत थेट जोराचा भाता चालवल्यास थराच्या खपल्या उडतात, प्रसंगी कामगारास इजाही होते. म्हणून प्रथम सावलीत काही दिवस वाळवून नंतर मंद विस्तव ठेवतात. मृत्तिकेतील रासायनिक बंधातील पाणी ४५० ते ६०० अंशांदरम्यान सुटते, त्यामुळे त्या टप्प्यातही घाई करत नाहीत.

गॅसच्या छोट्या भट्ट्यांत आता सिरॅमिक तंतूंची चादर वापरतात. तिच्यावर उच्चतापसह लेप आवश्यक असतो, कारण सांधेजोडीसाठी टाकलेली सवागी (टाकणखार) तंतू खाते. शिवाय तंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते. जुनी चादर काढताना हा धोका वाढतो, कारण तापलेल्या तंतूंत क्रिस्टोबलाइट हा सिलिकाचा प्रकार तयार झालेला असतो.

परिसरातील परंपरा

महाबळेश्वर परिसरातील धावड समाज पूर्वी जांभ्यातील खनिजापासून लाकडी कोळशावर लोखंड गाळत असे. औंध संस्थानाच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी (आता सांगली जिल्हा) वसवली. तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले आणि या भागात ओतकाम कारखान्याच्या प्रमाणावर सुरू झाले. बीड वितळवणाऱ्या कुपोला भट्टीचे अस्तर प्रत्येक ओतणीनंतर तपासून झिजलेल्या जागी पुन्हा लिंपावे लागते.